तबकडीची बाजू

तिसऱ्यांदा बटण दाबलं तरी मीटरवर तोच आकडा आला. इंजिनिअरबाईने तो आधीच्या दोन आकड्यांखाली लिहिला आणि पेनाला टोपण लावलं. विजेचा दाब बरोबर, वेळ बरोबर, किरणांची मात्रा बरोबर. मशीनला नाव ठेवायला जागा नव्हती.

“ठीक आहे ना?” किरण अडवणाऱ्या शिशाच्या काचेमागे तिच्याशेजारी उभ्या असलेल्या फोटोकाकांनी विचारलं.

“एकदम ठीक आहे, काका.”

“मग झालं तर,” असं म्हणून ते बाहेर आले आणि टेबलावरची चादर सारखी करू लागले. ती आधीच सारखी होती.

फोटोकाका हे नाव त्यांना रुग्णांनी दिलेलं. एकतीस वर्षं ते या रुग्णालयाचा एक्स-रे विभाग सांभाळत होते आणि येणारा जो तो ‘फोटो काढायचाय’ म्हणूनच दारात उभा राहायचा. काही जण तर आत यायच्या आधी केस विंचरायचे. काका त्यांना कधी हसले नाहीत. उलट दाराशेजारी त्यांनी एक आरसा लावून ठेवला होता.

तेच काका सोमवारपासून जुन्या फायलींच्या खोलीत बसणार होते. तीन महिने झाले, पाठीच्या कण्याचे फोटो बिघडत होते. मानेकडचा भाग काळाकुट्ट, कमरेकडचा पांढराफटक, आणि दोन्हीकडचे मणके मोजता येतील तर शपथ. रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांनी इंजिनिअरबाईला बोलावून घेतलं ते एवढ्याचसाठी. मशीनमध्ये दोष सापडला तर प्रश्न मिटला. नाही सापडला तर तो काकांचा. तिने कागदावर ‘यंत्र निर्दोष’ एवढे दोन शब्द लिहायचे आणि बॅग उचलायची.

ते दोन शब्द तिच्या हातून उतरेनात. साडेतीन महिन्यांपूर्वी याच खोलीत तिने पहिल्यांदा एकटीने एक्स-रेची नळी बदलली होती. काका दिवसभर स्क्रूची वाटी हातात धरून शेजारी उभे होते आणि ‘कंपनीने फारच लहान माणूस पाठवलं’ असं एकदाही म्हणाले नव्हते. बाकी सगळीकडे पहिलं वाक्य तेच असतं.

“बिघडलेले फोटो ठेवलेत का हो?”

“ठेवलेत. टाकवत नाहीत.”

त्यांनी कपाटातून अकरा फिल्म काढल्या आणि उजेडाच्या पेटीवर ओळीने लावल्या. आपल्याच चुका पाहुण्यांना दाखवाव्यात तसा त्यांचा चेहरा झाला होता. इंजिनिअरबाई एकेका फिल्मपुढे थांबत गेली. सातव्या फिल्मपाशी ती थांबली ती पुढे सरकेचना.

माणसाचा हात चुकला तर तो कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. एखादी फिल्म पूर्ण काळी येईल, एखादी पूर्ण पांढरी. इथे अकराच्या अकरा माणसं एकाच बाजूला काळी आणि एकाच बाजूला पांढरी पडली होती. एवढी शिस्त माणसाच्या चुकीला नसते.

एक्स-रेच्या नळीचं काम सांगायला तसं सोपं आहे. नळीतली हवा पूर्ण काढून टाकलेली असते. तिच्या एका टोकाला बारीक तार असते. ती तापून लाल झाली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या टोकाला गरगर फिरणाऱ्या धातूच्या तबकडीवर जाऊन आदळतात. या आदळाआपटीतले शंभरातले नव्याण्णव वाटे नुसती उष्णता होऊन फुकट जातात. उरलेल्या एका वाट्यातून काय ते किरण निघतात, आणि त्या एवढ्याशा उत्पन्नावर जगभरची मोडकी हाडं दिसतात. तबकडीची कड तिरकी असते, त्यामुळे तबकडीच्या बाजूला निघालेल्या किरणांना तिच्याच धातूतून वाट काढावी लागते आणि ते थकून बाहेर पडतात. तारेच्या बाजूचे दांडगे राहतात. म्हणून कण्याचा फोटो काढताना बारीक मान तबकडीकडे आणि जाड कंबर तारेकडे ठेवायची, हे या कामातलं पहिल्या महिन्यातलं शिक्षण. मीटर ठेवायचा तो मधोमध, आणि मधोमध सगळं ठीकच असतं.

तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि नळीच्या कवचावरचं झाकण काढलं. नळीच्या तबकडीकडच्या टोकावर अधिकची खूण असते. ती खूण टेबलाच्या उशाकडे असायला हवी होती. ती पायथ्याकडे होती.

तिला सगळं आठवलं. त्या दिवशी जाड केबल वळता वळत नव्हती, खांदे भरून आले होते, आणि नळी फिरवून बसवली तर केबल अलगद पोहोचते असं तिच्या ध्यानात आलं होतं. स्वतःच्या हुशारीवर ती खूशही झाली होती. नळी तशीही चालते, अगदी छान चालते. फक्त तिच्याखाली झोपणारा माणूस उलटा पडतो.

ती स्टुलावर बराच वेळ उभी राहिली. काकांना काहीतरी निमित्त काढून घरी पाठवलं असतं आणि नळी गुपचूप फिरवली असती, तर उद्यापासून फोटो चांगले आले असते आणि कुणाला पत्ता लागला नसता. नवा माणूस आला म्हणून फोटो सुधारले, असंच सगळे म्हणाले असते. हा विचार आपल्याला सुचला याचीच तिला लाज वाटली.

“काका, जरा इकडे या.”

ते आले. तिने बोट दाखवलं. त्यांनी मान वर करून खूण पाहिली, मग टेबलाच्या उशाकडे पाहिलं, पुन्हा खूण पाहिली.

“मी उलटी बसवली,” ती म्हणाली. “तुमचं काहीच चुकलं नाही. चूक माझी आहे.”

काका टेबलाच्या कडेवर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा न लावता हातातच ठेवला.

“म्हणजे डोळे नाहीत बिघडले.”

“डोळे कुठून आले त्यात? मोठे डॉक्टर तसं म्हणाले का?”

“ते कशाला म्हणतील? ते बिचारे चार दिवस मला समजावत होते. मीच गेलो त्यांच्याकडे. म्हटलं, आता माझ्या नजरेचा भरवसा नाही, मला इथून हलवा.”

“पण असं तुम्हाला वाटलं तरी कशावरून?”

काका जरा घुटमळले. “जाऊ दे ना.”

“सांगा, काका.”

“नळी बसवल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी तुम्हाला फोन केला होता. कमरेकडे फिकं येतंय म्हणून. तुम्ही घाईत होतात. म्हणालात, काका, नळी नवी झाली, आता चष्मा पण नवा घ्या.” ते हसले. “गमतीनेच म्हणालात. मी घेतला. तरी तसंच दिसायला लागलं, तेव्हा मात्र धीर सुटला. रस्ता ओलांडतानासुद्धा बायकोचा हात धरायला लागलो.”

तिला तो फोन मुळीच आठवत नव्हता. ते वाक्य मात्र आपलंच आहे हे तिला लगेच पटलं. अशी वाक्यं ती दिवसातून दहा जणांना म्हणत असे. काका रागावले असते, चार शब्द बोलले असते, तर तिला बरं वाटलं असतं. ते पेटीवरच्या फिल्मकडे बघत होते.

“या अकरा जणांना मी दोन-दोनदा किरण दिले.”

“मी दिले,” ती म्हणाली.

काकांनी बाह्या सरसावल्या आणि उठले.

नळी खाली घ्यायला, फिरवून चढवायला आणि किरण नेमके जागेवर पडतात का ते तपासायला अडीच तास लागले. या वेळी केबलशी झटापट करून तिचे हात सोलवटले. मग तिने सगळं कागदावर लिहिलं: काय चुकलं, कधी चुकलं आणि कुणाकडून. काकांनी वाचून मान हलवली.

“एवढं कशाला लिहायचं? तुम्हाला जाब विचारतील.”

“विचारू देत.”

मोठ्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. तिच्याकडे रोखून पाहिलं, कंपनीला पत्र जाईल म्हणाले, आणि सोमवारचा हुकूम तिच्यासमोरच फाडून टाकला. काकांचा जीव भांड्यात पडेल असं तिला वाटलं होतं. पण काका नुसतं “बरं” म्हणाले आणि खालमानेने आपल्या विभागाकडे निघाले.

दारात एक आजीबाई कमरेवर हात ठेवून आरशात बघत उभ्या होत्या. काकांनी त्यांना आधार देऊन टेबलावर निजवलं, डोक्याखाली चादरीची घडी सरकवली आणि काचेमागे इंजिनिअरबाईशेजारी आले. आकडे लावले. एक कमी केला. पुन्हा होता तिथे आणला. बटणावर गेलेला हात मागे आला.

“बघा बरं,” ते हळूच म्हणाले. “एवढं चालेल ना?”

आकडे अचूक होते, तिला ते उभ्या जागेवरून दिसत होते. “चालेल” म्हणायला काहीच लागणार नव्हतं. नळी तिने फिरवली होती. या माणसाला आतून कसं फिरवायचं हे तिला ठाऊक नव्हतं. पण त्याच्या नजरेच्या जागी आपला शब्द ठेवायचा नाही, एवढं तिला कळलं.

“मला त्यातलं नाही कळत, काका. मी आपली मशीनवाली,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आपल्या मीटरची वायर गुंडाळू लागली.

काका आकड्यांवर वाकून पुन्हा बघू लागले.

“झाला का हो फोटो?” आजीबाईंनी पडल्या पडल्या विचारलं.

“नाही, आजी. आता काढतो,” काका म्हणाले. “श्वास घ्या. रोखा.”

तबकडी घरघरली आणि थांबली.

“सोडा.”

फिल्म धुऊन बाहेर आली तशी काकांनी ती पेटीवर लावली. चष्मा खिशातच होता. मानेपासून कमरेपर्यंत एकेका मणक्यावर नख ठेवत ते मोजत गेले, खालून वर पुन्हा मोजत आले. इंजिनिअरबाईला राहवेना. तिने फिल्म बघायला हात पुढे केला.

काकांनी फिल्म सरळ पाकिटात घातली, वर आजींचं नाव लिहिलं आणि दाराकडे बघून पुढच्याला हाक मारली.