आधी कुणाला दाखवलं होतं का?

पेटंटवाल्या बाईंनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला होता, आणि खारूनं छातीठोकपणे सांगितलं होतं, "कुण्णालाही नाही."

तिच्या समजुतीप्रमाणे ते अगदी खरं होतं. परिषदेत पोस्टर लावायची संधी आली, ती तिनं सोडली. मैत्रिणी विचारायच्या, काय करतेस गं एवढं त्या लॅबमध्ये कोंडून घेऊन? ती म्हणायची, "रबर कापते." सरांनी तर तिच्या प्रबंधाचं ते एक प्रकरण स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. विद्यापीठाचा अर्ज दाखल होईपर्यंत अळीमिळी गुपचिळी.

आणि आता, अर्ज जायच्या आदल्या आठवड्यात, बाईंनी तिला आणि सरांना बोलावलं. म्हणाल्या, "दार लावून घे." मग लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

स्क्रीनवर बाबा होते.

घरचंच स्वयंपाकघर. मागे निळ्या फरश्या, सिंकपाशी आईची पाठ. बाबांनी शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवलेली, आणि गळ्याच्या भोकावर ती पांढरी चकती, मधोमध खारूनं बनवलेली झडप.

"नमस्कार. कृपया लक्ष द्या," बाबा म्हणाले. "मी हात न लावता बोलतोय. पुन्हा सांगतो. मी हात न लावता बोलतोय."

खारू स्क्रीनकडे वाकली.

बाबांनी जन्मभर बसस्टँडवर घोषणा केल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुठली रद्द. प्रत्येक गोष्ट दोनदा, सावकाश, शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीलाही कळेल अशी. गाव त्यांना चेहऱ्यानं ओळखत नव्हतं, आवाजानं ओळखायचं. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. श्वास घ्यायला गळ्याला भोक ठेवलं. आत एक छोटी नळी बसवली, म्हणजे भोकावर अंगठा दाबला की हवा वर जाऊन थोडा घोगरा आवाज निघतो. पण बाबांना ते मुळीच पटलं नाही. "स्वतःचा गळा दाबून बोलू?" एवढं एकदा कसंबसं म्हणाले आणि बोलणंच टाकलं. अंगठा न लावता बोलता यावं म्हणून बाजारात झाकणं मिळतात, तसं एक आणूनही पाहिलं. ते कफानं चिकटायचं. एकदा खोकल्यासरशी ते उडालं ते थेट शेजारच्या काकांच्या चहात. काका बिचारे म्हणाले, "असू दे, असू दे, बिस्किट समजून खाल्लं असतं." सगळे हसले. बाबाही हसले. पण त्या दिवसापासून झाकण डब्यात गेलं आणि घर भुवयांवर आणि हातवाऱ्यांवर चालायला लागलं.

खारू लहानपणापासून स्क्रू, स्प्रिंगा, पेनाची टोपणं खिशात साठवायची, म्हणून बाबांनीच तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली होती. तिनं विद्यापीठात संशोधनाला विषय कुठला घेतला असेल हे काही वेगळं सांगायला नको.

स्क्रीनवर बाबांनी दुसरी एक झडप कॅमेऱ्याजवळ आणली. इतकी जवळ, की आधी धूसर दिसली, मग लख्ख.

"ही माझ्या मुलीनं केली. नीट बघा. ही घडी दिसतेय? पानाला घालावी तशी, पण सरळ नाही, तिरकी. नुसता श्वास घेतला की ती उघडी राहते. बोलायला जोर लावला की आपोआप मिटते. खोकला आला की पूर्ण उघडते आणि कफ या घडीवरून घसरून जातो, चिकटत नाही. मग परत जागेवर. पुन्हा सांगतो..."

आणि पुन्हा सांगितलं त्यांनी. सगळं.

बाईंनी व्हिडिओ थांबवला. चष्मा काढला. "मी अर्ज लिहिलाय," त्या म्हणाल्या, "पण इतका सोपा मला नाही जमला."

सर कपाळाला हात लावून बसले होते. तसा चांगला माणूस, पण या झडपेवर त्यांनी आपली उरलीसुरली सगळी पत लावली होती. "कुणाला सापडलं हे?"

"झडप बनवायला घेणार होती त्या कंपनीच्या माणसांना. करारावर सही करण्याआधी ते शोधतातच."

"मी काढायला सांगते. आत्ताच्या आत्ता," खारू म्हणाली.

"काढ की. पण त्यांच्याकडे कॉपी आहे. आणि एकदा लोकांनी बघितलं म्हणजे बघितलं. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. आणि नवी म्हणजे अर्ज करण्याआधी जगात कुणालाच माहीत नसलेली. काही देश स्वतःच्या संशोधकाला थोडी सवलत देतात. कंपनीला जिथं विकायचंय तिथं तशी मिळत नाही."

"पण झडप तर चालतेय! ती चालतेय हेच दिसतंय ना त्यात!"

"हो. पण साचे करायचे, पेशंटवर तपासण्या करायच्या, परवानग्या काढायच्या, वर्षं घालवायची, आणि बाजारात आणल्यावर महिन्याभरात दुसऱ्यानं तीच विकायची. कुठली कंपनी करेल?" बाईंनी लॅपटॉप मिटला. "आता ही झडप सगळ्यांची झाली, बाळ. म्हणजे कुणीच करणार नाही."

चूक कुठं झाली हे खारूला जिन्यात येऊन उभी राहिली तेव्हा समजलं. बाकीच्या पेशंटांकडून गुप्ततेची सही घ्यायची हे ठरलेलं होतं. बाबा पहिले. हॉस्पिटलच्या डॉक्टरांसमोर त्यांना झडप लावली, चाचणीला तयार असल्याची सही घेतली, सगळं रीतसर. दुसरी सही घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. घरचाच माणूस. आणि जो माणूस इतकी वर्षं तोंडातून शब्द काढत नाही, त्याला "कुणाला सांगू नका" असं कोण सांगेल?

सर मागून आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "एक वाट आहे. बाई तुझ्यासमोर बोलल्या नाहीत."

"काय?"

"संशोधकाच्या मनाविरुद्ध, त्याला धोका देऊन कुणी गुपित फोडलं असेल, तर ते धरत नाहीत. सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे, तेवढी सवड आहे आपल्याला." ते जिन्याच्या कठड्याकडे बघत बोलत होते. "तू लिहून द्यायचं. वडिलांना बजावून सांगितलं होतं, तरी त्यांनी मुद्दाम केलं. तुझं नुकसान व्हावं म्हणून."

"माझ्या बाबांनी?"

"नुसता कागद आहे गं."

"त्यांना विचारणार ना कुणी?"

सर कठड्यावर बोट फिरवत राहिले. म्हणजे विचारणार होते.

घरी आली तर बाबा मोबाइल घेऊन बसलेले, चष्मा नाकाच्या टोकावर. व्हिडिओखाली लोकांचे प्रश्न आले होते. बहुतेक सगळे तसेच, गळ्याला भोक पडलेले, नाहीतर त्यांच्या बायका, मुली. कुठं मिळेल? कधी येणार? माझ्या नवऱ्याला बसेल का? बाबा एकेका बोटानं उत्तर टाइप करत होते. थोडं थांबा. येतेय.

"आलीस? हा बघ, हा माणूस नाटकात काम करायचा म्हणे," बाबा म्हणाले.

"आता दिवसभर हेच चालतं," आई आतून म्हणाली. "इतकी वर्षं घर शांत होतं, मी देवाला सांगून चुकले की यांना बोलतं कर. त्यानं जरा जास्तच मनावर घेतलं."

"ऐकलंस? जळते माझ्यावर."

खारू हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. मग सांगावंच लागलं. सगळं सांगितलं तिनं, कंपनी, नवी गोष्ट, सरांची वाटसुद्धा. बाबा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा आधी न कळल्यासारखा, मग कळल्यासारखा, मग एकदम कुणी तोंडात मारल्यासारखा झाला. त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा घातला.

"मी केलं हे."

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा."

"माझ्या तोंडानं केलं." त्यांनी तो पालथा मोबाइल बोटानं थोडा दूर सरकवला. मग सरळ बसले. "मग सोपं आहे की. मी सांगतो. मुद्दाम केलं म्हणून."

"बाबा, काहीतरीच काय."

"काय जातंय माझं? म्हातारा खडूस आहे, पोरीवर जळतो, केलं मुद्दाम. चल, कधी जायचं?"

"अहो, ते कायम राहील कागदावर," आई हात पुसत बाहेर आली. "लोक म्हणतील, बाप की वैरी."

"म्हणू देत. वैरी होऊन निदान तिच्यासाठी काहीतरी करता येईल."

खारू नको नको म्हणत राहिली. पण खरं सांगायचं तर फार जोरात नाही म्हणाली. मनाच्या एका कोपऱ्यात तिला ती झडप हवीच होती. साच्यातून निघालेली, डब्यात बंद, हजारो गळ्यांत बसलेली. त्या नटाच्या गळ्यात. जाऊ देत, असं तिला अर्धवट वाटलं, आणि त्याची लाजही वाटली, आणि तरीही ती गेली.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. दाढी गुळगुळीत. पेटंटवाल्या बाईंच्या खोलीत चार खुर्च्या ओढून सगळे बसले. बाईंना हे आवडलेलं नव्हतं हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं.

"मला एवढंच बघायचंय," त्या म्हणाल्या, "की उद्या समोरच्या वकिलानं विचारलं तर तुम्ही काय सांगाल. मी खोट्यावर सही करणार नाही. मुलीनं तुम्हाला सांगितलं होतं? हे गुप्त आहे, कुणाला दाखवू नका?"

"हो," बाबा म्हणाले. घोगरं, पण ठणठणीत.

"तरी तुम्ही व्हिडिओ केलात."

"केला. मुद्दाम केला."

"का?"

बाबांनी उत्तर पाठ करून आणलं होतं. रस्त्यात येताना ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते हे खारूनं पाहिलं होतं. "कारण मला तिचं वाईट..." ते थांबले. घसा खाकरला. "मला तिचं बरं झालेलं..." परत थांबले. ज्या माणसानं आयुष्यभर हजारो लोकांसमोर एक शब्द अडखळला नाही, तो चार माणसांत चाचपडत होता. कपाळावर घाम आला होता.

"सावकाश," सर म्हणाले.

"मला तिचा राग होता," बाबा म्हणाले आणि खारूकडे बघितलं. चुकलं का, असं विचारल्यासारखं. शाळेतल्या पोरानं बाईंकडे बघावं तसं.

"मी नव्हतं सांगितलं," खारू म्हणाली.

"खारू!" सर.

"नव्हतं सांगितलं मी त्यांना. विसरले. त्यांना आनंद झाला होता म्हणून त्यांनी तो व्हिडिओ केला. बास."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती की वाईट वाटणं, ते काही कळलं नाही. "मी कंपनीला कळवते."

बाहेर कॉरिडॉरमध्ये बाबा तरातरा पुढे निघाले. विद्यार्थी ये-जा करत होते, कुणी नोटिसा वाचत होतं, पंख्याखाली दोन पोरं डबा खात होती. टोकाशी जाऊन ते गर्रकन वळले.

"मूर्ख आहेस तू."

"बाबा..."

"एक काम होतं माझ्याकडे. एक! मी घाण केली, मी निस्तरणार होतो. तेवढंही करू दिलं नाहीस."

"तुम्हाला येत नव्हतं ते. खोटं बोलायला."

"आलं असतं! दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर आलं असतं!" आवाज इतका चढला की डबा खाणारी पोरं वळून बघायला लागली. "तिकडे लोक विचारतायत मला. कधी येणार म्हणून विचारतायत. मी काय सांगू त्यांना?"

आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. भिंतीला हात टेकून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. झडप दर वेळी पूर्ण उघडली, आणि दर वेळी अलगद जागेवर आली. एकदाही चिकटली नाही. सर दारातून बघत उभे होते. खारूही बघत होती. इतकी सुंदर ती कधीच चालली नव्हती.

कंपनीनं महिन्याभरात दुसरंच काहीतरी घेतलं. सरांनी नवा विषय धरला, त्यात खारूला काम दिलं, ती जाते. तिचा प्रबंध आता खुला आहे, कुणीही वाचावा, कुणीही झडप करावी. अजून कुणी केलेली नाही. बाबांची झिजली की ती हातानं दुसरी करून देते, डॉक्टर तपासतात, लावतात. तेवढ्यालाच परवानगी आहे. परक्या माणसाच्या गळ्यात असं घरी कापलेलं रबर कसं घालणार?

व्हिडिओ बाबांनी काढला नाही. प्रश्न येत राहिले. मग एका रविवारी, आई पोळ्या लाटत असताना, फोनच आला. त्या नटाचा. कुठून तरी नंबर मिळवला होता. बाबांनी थोडं ऐकलं आणि न बोलता मोबाइल खारूच्या हातात दिला.

पलीकडून आधी नुसती हवा ऐकू आली. मग अंगठा दाबल्याचा तो आवाज, घोगरा, तुटक. "ताई. ती... कधी... येणार?"

खारूनं बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"काका, ती नाही येणार," ती म्हणाली. "माझ्याकडून चूक झाली. कुणी बनवत नाहीये."

अंगठा सुटला असावा, कारण फक्त श्वास येत होता. मग पुन्हा दाबला.

"बरं. तुझे बाबा... छान... बोलतात. त्यांना... दे."

तिनं मोबाइल परत दिला. बाबांनी तो कानाला लावला, घसा साफ केला, आणि म्हणाले, "हं, बोला. कुठल्या नाटकात होता तुम्ही?" आणि मग लक्षात आल्यावर, "नको, तुम्ही नका त्रास घेऊ. मीच बोलतो."

आणि ते बोलायला लागले. हवा कशी आहे, घरासमोर रस्ता कसा खणून ठेवलाय, आई पोळ्या कशा करते. आईनं लाटणं थांबवलं. खारू दारात उभी राहिली. पलीकडून श्वासाशिवाय काही येत नव्हतं, आणि बाबा बोलतच होते.