गोधडीखालचे सासरे

गॅसची टंचाई सुरू झाली, तसा शिंपी सलूनच्या खुर्चीत बसून अख्खा देश चालवू लागला. "परदेशातून येईना, त्याला सरकार काय करणार? आधी साठेबाजांना आत टाका!" न्हावी वस्तरा थांबवून ऐकायचा.

इकडे शिंप्याच्या घरी भाव चढण्याआधी आणलेले भरलेले सिलिंडर पलंगाखाली मावेनात, म्हणून एक पलंगावर गोधडी पांघरून निजला होता.

शिंपी सलूनमधून घरी परतला, तोच शेजारच्या वहिनी आत डोकावल्या. "भाऊजी, एखादा सिलिंडर आहे का हो?"

"कुठला हो! आणि हळू बोला, सासरे तापाने फणफणलेत."

वहिनी चवड्यांवर चालत परत गेल्या. तासाभराने पुन्हा आल्या त्या धुराने लाल झालेले डोळे आणि वाफाळत्या मऊ भाताचा वाडगा घेऊन.

"तीन विटा मांडल्या अन् खुर्ची मोडून जाळली. आजारी माणसाच्या पोटात गरम काही जायला हवं."

शिंप्याला मान वर करवेना. वहिनी गेल्यावर बायकोने चमचा पुढे केला.

"घ्या, भरवा माझ्या बाबांना!"

भर दुपारी, सगळी गल्ली बघत असताना, खांद्यावर सिलिंडर घेऊन त्याने वहिनींचं दार वाजवलं.

"वहिनी," तो पायांकडे बघत पुटपुटला, "सासरे आणलेत."