फागीची सरळ रेघ

मित्रांनो, थकलेल्या माणसाला आपण 'बस जरा' म्हणतो. मला एकाच टेबलावर बसून बारा वर्षं झाली, तरीही मी थकलो आहे. मी एक जुना संगणक आहे. मोखाडा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात, औषधांच्या खोक्यांशेजारी माझी जागा आहे. इथली वीज जाते-येते. दर सकाळी इथला कारकून विनोद माझ्या पाठीवर थाप मारतो. "ऊठ, म्हातारबा." मी उठतो.

मी पुण्याच्या एका कारखान्यात जुळवला गेलो आणि जीपच्या टपावरून इथे आलो. पहिल्या दिवशी मला हार घातला होता. त्यानंतर कामच काम. नऊ पाड्यांच्या अंगणवाड्यांतून दर महिन्याला वह्या येत. कोणत्या पोराचं वजन किती, कोणाला ताप, कोणाला खोकला, हे सगळं विनोद माझ्यात भरी. रिकामा रकाना मला चालत नसे. तसा नियमच माझ्यात घातलेला होता. एखादं वजन राहिलं की मी लाल अक्षरांत नोंद परत करी. विनोद वही परत धाडी, आणि मग सेविकेला मासिक बैठकीत सगळ्यांसमोर उभं करत. एके वर्षी आमच्या केंद्राला प्रशस्तिपत्र मिळालं: एकही रकाना रिकामा नाही. मला अभिमान वाटला. तो वाटायला नको होता, हे मला नंतर कळलं.

यंदा वैशाखात डॉक्टर प्राजक्ता आल्या. त्यांचं काम संशोधनाचं. त्यांनी माझ्यात एक नवी आज्ञावली घातली. एरवी माणसाला आधी शंका येते आणि मग तो आकडे पाहतो. ही आज्ञावली उलट्या बाजूने चाले. लाखभर आकडे चाळायचे आणि त्यांतून शंका काढून द्यायच्या. खरं काय ते मग माणसाने तपासायचं. दोन दिवस माझा पंखा घरघरत होता. एकेचाळीस शंका निघाल्या. बऱ्याचशा वेडगळ होत्या. बाजाराच्या दिवशी जन्मलेल्या पोरांना खोकला कमी होतो, अशीही एक होती. विनोद म्हणाला, "मॅडम, मी बाजाराच्या दिवशीच जन्मलो. खोकून खोकून मरतोय."

पण सगळ्यात वरची शंका हसण्यासारखी नव्हती. नऊही पाड्यांतली पोरं कार्तिकापासून वाढायची थांबत होती आणि शिमग्याला त्यांचं वजन एकदम घसरत होतं. दर वर्षी, न चुकता. साठवलेल्या नागलीत, म्हणजे नाचणीत, बुरशी धरत असेल, असं प्राजक्ताबाईंना वाटलं. नव्वद पोरांचं रक्त तपासायचं आणि तोवर अंगणवाडीत नागली बंद ठेवायची, असं पत्र त्यांनी लिहायला घेतलं.

त्याच दुपारी रामी वही घेऊन आली. रामी अकरा वर्षांपासून अंगणवाडी सेविका. पडद्यावर तिच्याच पाड्यातल्या हौशीच्या पोरीचा, फागीचा आलेख होता. चार महिने आठ किलो दोनशे, अगदी सरळ रेघ. मग एकदम सात शंभर.

रामी उभीच राहिली. मग म्हणाली, "बाई, नागलीला नावं ठेवू नका. फागी इथं नव्हतीच."

"म्हणजे?"

"हौशी तिला घेऊन भिवंडीकडं गेली, वीटभट्टीवर. कार्तिकात अख्खा पाडाच जातो. दारांना कड्या. वजन कोणाचं घेऊ, कुत्र्यांचं?"

"मग हे आकडे कुठले?"

"मागचेच उतरवले. रिकामं ठेवलं का बैठकीत उभं करतात." तिने विनोदकडे पाहिलं. "याला इचारा."

विनोद खिडकीबाहेर बघत राहिला. लाल अक्षरं माझीच होती.

प्राजक्ताबाई म्हणाल्या, "रामीताई, हे लिहून द्यावं लागेल. सहीनिशी."

"सही केली का नोकरी जाईल ना?"

"जाऊ शकते. खोटं कशाला सांगू?"

"आन नाय केली तर?"

"वर तोंडी सांगणं धरत नाहीत, आकडेच खरे धरतात. नव्वद पोरांना सुई टोचायची आणि रक्तात काही सापडायचं नाही. पोरं भट्टीवर वाळतात का, हे कोणी बघणारच नाही."

रामीने पदराने हात पुसला. "आण पेन, विनोद. आता कुठं बघतो?"

तिने सही केली. नागलीचं पत्र रद्द झालं. नवी शंका लिहिली गेली: पोरं भट्टीवर असताना वजन घटतं. ती तपासायला कार्तिकात वजनकाटा भट्टीवर गेला. आठ किलो नऊशेवर गावातून निघालेली फागी महिन्याभरात आठ सहाशेवर आली. रेघ उतरली, पण या वेळी ती उतरताना दिसली. तिचा अंगणवाडीचा आहार तिथेच सुरू झाला. पुढच्या महिन्यात वजन होतं आठ सातशे.

रामीला नोटीस आली आहे. निकाल अजून लागलेला नाही.

मित्रांनो, तुम्ही मला पुसलं नाही, झाकलं नाही, तरी माझी तक्रार नाही. माझे थोडेच दिवस उरले आहेत. एवढंच मागतो: जे मोजलं नाही ते माझ्यात लिहू नका. मला खरं-खोटं कळत नाही. आणि जो 'मोजलं नाही' असं सांगेल त्याला उभं करू नका. त्याला बसायला खुर्ची द्या.