सहावं बोट

हातमोज्यांच्या कारखान्यात माझं काम एकच: मोजा टेबलावर पसरायचा, पाच बोटं मोजायची, पुढे ढकलायचा. अकरा वर्षं हंगामी कामगार म्हणून हेच केलं. त्यामुळे स्वप्नही त्याच लायकीचं पडायचं. सहा बोटांचा मोजा माझ्या हातून निसटतो आणि मुकादम, ज्याला आम्ही पाठीमागे आग्यावेताळ म्हणतो, सगळ्यांदेखत माझी सालटी काढतो. मी घामाघूम होऊन उठायचो. बायको कूस बदलत म्हणायची, "स्वप्नातसुद्धा ऐकूनच घेतलंत ना?"

तिचा भाऊ तीन दिवसांच्या शिबिरातून स्वप्नतज्ज्ञ होऊन आला होता. मुळातच तो अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा.

"भावोजी, सोपं आहे," तो म्हणाला. "सहा बोटं दिसली की ओळखायचं, हे स्वप्न. मग मालक तुम्ही. वाट्टेल ते बोला."

खोटं कशाला बोलू, जमलं! आठवड्याभरात स्वप्नात सहावं बोट ओळखलं आणि मुकादमाचा असा उद्धार केला की तो भिंतीला टेकला. मग महिनाभर रोज त्याला फैलावर घेतलं. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. दिवसा मात्र "हो साहेब, चुकलं साहेब" चालूच. कारण मला कायम करायचा कागद त्याच्या सहीवाचून अडला होता.

एका मंगळवारी, चहाच्या सुट्टीआधी, विणण्याच्या यंत्राचं काहीतरी बिनसलं आणि माझ्यासमोर एक मोजा आला. मोजला. सहा. परत मोजला. सहाच. वर बघतो तर मुकादम, हातात माझा कागद.

काय आनंद झाला मला! टेबलावर चढलो. त्याची अक्कल, त्याची हांजी हांजी, त्याची वरच्या साहेबापुढची शेपूट, काही सोडलं नाही. शेवटी म्हणालो, "आता बाजूला हो, मला उडायचंय."

मागून टाळ्या पडल्या. स्वप्नात माझ्यासाठी कधी कुणी टाळी वाजवली नव्हती. मी हळूच टेबलावरून खाली उतरलो. मुकादमाने कागदाचे शांतपणे चार तुकडे केले.

मेहुणा अजून म्हणतो, "भावोजी, माझी पद्धत बरोबरच होती. मशीन बिघडलं त्याला मी काय करू?"

हल्ली वेगळंच स्वप्न पडतं. मुकादम हसत येतो, माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "उद्यापासून ये. कायम." त्याचा हात अगदी माझ्या डोळ्यांसमोर असतो.

बोटं मी मोजत नाही.