बॉनेटवरचा हात

लिलावाच्या चालीरीती हिम्मतरावांना कुणी शिकवाव्यात? झहीराबादेकडच्या त्यांच्या गावात शेतीच्या अवजारांचा लिलाव असला की पंचांच्या शेजारी त्यांचे वडील बसत. पुढे हिम्मतरावांनी दिलसुखनगरात राहून तीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण ती रीत काही डोक्यातून गेली नाही. रीत अशी, की मेलेल्या माणसाचं अवजार विकायला निघालं आणि त्याच्या घरच्या कुणी त्यावर हात ठेवला, की बाकीच्यांनी मान खाली घालायची. घरच्यानं एकदाच बोली बोलायची आणि वस्तू घेऊन जायची. त्यावर बोली चढवणाऱ्याच्या घरचं पाणी कुणी पीत नसे.

आज ते रिंग रोडजवळच्या यार्डात चाळीस नंबरची पाटी घेऊन उभे होते, आणि समोर मुकुंदरावांचा ट्रॅक्टर होता.

मुकुंदराव त्यांचे धाकटे भाऊ, दिवाळीनंतर वारले. ट्रॅक्टर त्यांनीच घेतला, त्यांनीच चालवला. पण शहरात कागदपत्रं लवकर होतात म्हणून आरसी बुकावर नाव पडलं हिम्मतरावांचं. घरातल्या घरात नाव बदलत कोण बसतो? महिन्यापूर्वी मुलगा रितेशनं एक कागद पुढे केला, हिम्मतरावांनी चष्मा न शोधता सही ठोकली, आणि ट्रॅक्टर एका व्यापाऱ्याकडे गेला. "पप्पा, तुमच्याच नावावर होता. तिकडं नुसता उभा होता," रितेश म्हणाला. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

नुसता उभा मुळीच नव्हता. मुकुंदरावांची बायको त्रिवेणी नवऱ्यामागे तो स्वतः चालवत होती. आपली चार एकरं झाली की गावातली शेतं तासावर नांगरून द्यायची, त्यावर तिची चूल पेटायची. ट्रॅक्टर गेला म्हणजे जमीन बटईनं देऊन तिनं शहरात थोरल्या जावेच्या, म्हणजे हिम्मतरावांच्याच घरी मागच्या खोलीत येऊन राहायचं. यावर ती अवाक्षर बोलली नव्हती, आणि तेच हिम्मतरावांना खात होतं. व्यापाऱ्याकडे परत मागायला गेले तर तो म्हणाला, "अब लिलाव में लेलो साब." म्हणून ते ठेव मोडून आले होते. ट्रॅक्टर तिच्या दारात नेऊन उभा करायचा आणि मगच तिला तोंड दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

ट्रॅक्टरचा पुकारा झाला आणि गर्दीतून त्रिवेणीच पुढे आली. पहाटेची बस धरून आली असावी. हिम्मतरावांना पाहताच तिनं डोक्यावर पदर ओढला, आणि उजवा हात बॉनेटवर ठेवला.

हिम्मतरावांना भरून आलं. मालकीण स्वतः आली होती. आता ती बोली बोलेल, पैसे मागाहून आपण भरू. तिच्या हातावर आपली बोली कशी चढवायची? त्यांनी पाटी पाठीमागे नेली आणि वडील घालत तशी मान खाली घातली.

"तीन लाख!" मागून कुणीतरी म्हणालं.

"सवातीन."

लोक वेडे आहेत का, हिम्मतराव मनाशी म्हणाले. हात दिसत नाही? आता बोलेल ती. शेजारचा माणूस कोपरानं ढोसत होता, "अंकल, लेना है तो पाटी उठाओ ना." हे आपले मान खाली घालून उभे. सगळ्या यार्डात ती रीत ठाऊक असलेली माणसं दोन, आणि दोघंही गप्प. तीन वार झाले तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

घेणारा तरुण होता, हसतमुख. हिम्मतराव त्याच्याकडे गेले. "घरवालों का था भाई. उन्हों हाथ रखे थे ना."

"हाथ का मेरेकू क्या मालूम अंकल. इंजन गरम है क्या देखरे बोलके सोचा मैं." त्याला खरंच वाईट वाटलं. "पैले बोलते तो छोड देता था. अब ट्रॅक्टर ले लिया बोलके ससुरे कू फोन कर दिया मैं."

त्रिवेणीचा हात अजून बॉनेटवरच होता.

"बोलली का नाहीस?" हिम्मतरावांनी विचारलं.

पदराखालून तिचा डावा हात बाहेर आला. त्यात एकेचाळीस नंबरची पाटी होती.

"तुम्ही समोर होता, भावजी. थोरल्याच्या तोंडावर मी कशी बोलू? तुम्ही घ्याल, म्हणून नुसता हात ठेवला. लोकांना कळावं घरचं आहे ते."

आयुष्यभर जपलेल्या रीतीची हिम्मतरावांना त्या क्षणी किळस आली.

त्रिवेणीनं कमरेची पिशवी सोडली, दुसरी चावी काढून त्या तरुणाला दिली. "सुबू में जल्दी चालू नै होता. जरा सबुरी रखना," तिनं सांगितलं. मग दोघं पाट्या परत करायच्या रांगेत उभे राहिले, ती त्यांच्या एक पाऊल मागे.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "मागच्या खोलीत माझी शिलाई मशीन मावंल का?"