कोरडी लाईन

दादाने पाठीवरची गिटार उतरवली, पेडलबोर्ड माझ्या टेबलावर ठेवला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी अकराला रेकॉर्डिंग होतं, आणि त्याआधी त्याला एक छोटं काम करून हवं होतं.

गिटारवादक पायाने दाबतात ती पेडलं मी दुरुस्त करते. दादा माझं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात किरकिरं गिऱ्हाईक. मी प्रत्येक गोष्ट मोजून बघते म्हणून तो मला ‘मीटर’ म्हणतो.

काम असं होतं. स्टुडिओत गिटारच्या दोन लाईनी घेतात. एक सगळ्या पेडलांमधून फिरून आलेली. दुसरी थेट गिटारची, कोरडी. नंतर इफेक्ट बदलावेसे वाटले तर ती कामाला येते. दादाला ही कोरडी लाईन गुपचूप कॉम्प्रेसरमधून जाऊन आलेली हवी होती. बाहेरून कुणाला कळता कामा नये.

मी बोर्डवरची बटणं पाहिली. कॉम्प्रेसर दबका सूर वर उचलतो आणि मोठा खाली दाबतो. दादा तो जेमतेम चालू ठेवायचा. आता शेवटपर्यंत फिरवला होता. डिस्टॉर्शन लाटेचे शेंडे छाटतं. त्याने आवाज खरखरतो, पण जोरात काय वाजलं आणि हळू काय, हा फरकही छाटला जातो. तेही वाढलेलं. त्यावर रिव्हर्ब, मोठ्या रिकाम्या दालनात वाजवल्यासारखा. वेगळा आवाज हवा असेल तर माणूस यातलं एखादं वाढवतो. दादाने जे जे झाकतं ते सगळं वाढवलं होतं.

“पेडलांशिवाय वाजव,” मी म्हटलं.

त्याने वेळ नसल्याचं सांगितलं, मग तारा जुन्या असल्याचं. मी गिटारची केबल ऑसिलोस्कोपला जोडली, म्हणजे आवाजाची लाट पडद्यावर दिसते. शेवटी त्याने गाण्याची सुरुवात वाजवली. चार-चार सुरांचे गट, डाव्या हाताच्या एकेका बोटाला एक सूर, सेकंदाला चार सूर. पडद्यावर तीन उंच लाटा आल्या आणि एक बुटकी. पुन्हा तीन उंच, एक बुटकी.

“करंगळी?”

 त्याने सांगितलं, आठ महिने झाले. डाव्या कोपराजवळ नस दबलीय. बरी होईल की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते. उद्याच्या गाण्याचे संगीतकार त्याला अकरा वर्षं बोलावत होते. उद्या त्यांना कळलं की त्या खुर्चीत दुसरा बसेल, असं तो अगदी सपाट आवाजात म्हणाला.

“एकच तर तार जोडायचीय, मीटर.”

मी नाही म्हटलं. तो चिडला. तुझं काय जातंय, तुझी दहाही बोटं शाबूत आहेत, म्हणाला. मी डिले पेडल पुढे ओढलं. डिले वाजलेला सूर ठरावीक वेळाने परत ऐकवतं. मी वेळ पाऊण सेकंद, म्हणजे तीन सुरांइतकी ठेवली, प्रतिध्वनी एकच. त्याला पहिले तीन सूर वाजवून चौथा सोडायला सांगितलं. चौथ्या जागी पहिला सूर परत आला, बाकीचे प्रतिध्वनी पुढच्या सुरांत मिसळले.

त्याने ते दहा-बारा वेळा वाजवलं. वाईट वाटत नव्हतं. पण चाल बदलली होती, आणि कोरड्या लाईनीत त्या जागी भोक राहणार होतं. संगीतकारांना आधी सांगावंच लागेल, असं मी बजावलं. तो “सांगतो” म्हणाला.

त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मी काचेअलीकडे, रेकॉर्डिस्ट आणि संगीतकारांच्या मागे उभी होते. दादा पलीकडे बसला, हेडफोन चढवले आणि वाजवायला लागला. संगीतकारांनी मान डोलावली. आठव्या मात्रेला ती थांबली.

“चौथा सूर माझा नाही,” ते म्हणाले. “फक्त कोरडी लाईन लाव.”

रेकॉर्डिस्टने एक बटण दाबलं. तीन सूर, भोक. तीन सूर, भोक.  दादाला हेडफोनमध्ये तेच ऐकू येत होतं. माझा हात दाराच्या मुठीवर होता. मी आत जाऊन सांगितलं असतं तर अर्ध्या मिनिटात सगळं आटोपलं असतं, आणि तो मला जन्मात माफ करू शकला नसता.

दादाने माइक जवळ ओढला.

“सर, माझी करंगळी चालत नाही. आठ महिने मी झाकत होतो.”

संगीतकारांनी त्याला मूळ चाल एकदा वाजवायला सांगितली, पेडलं बंद ठेवून. त्याने वाजवली. चौथा सूर दर वेळी पडला. त्यांनी पेन्सिलीने नोटेशनच्या कागदावर एक खूण केली.

मग म्हणाले, सुरुवातीला प्रतिध्वनी राहू दे, बरा वाटतोय. मधला वेगवान तुकडा मात्र दुसरा कुणी वाजवेल. दादाची मान खाली गेली.

“पण तो तुकडा तुझ्या हाताचा विचार करून लिहिलाय. येणाऱ्याला तो दाखवशील का?”

दादाने डाव्या हाताची बोटं उजव्या मुठीत धरली होती. ती त्याने सोडली.

“किती वाजता येतोय तो?”