कडेची पेशी

मी एक जुनी पेशी आहे. वसईच्या सॅन्टनकाकांच्या मोठ्या आतड्यात, अगदी शेवटच्या टोकाला, अस्तराच्या एका खळग्यात माझे घर होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाने आपली गोष्ट सांगावी का, या विचाराने मी फार बिचकले. पण मित्रांनो, सांगायला हवे असे काही घडले आहे.

माझे काम साधे होते. माझ्यापासून नव्या पेशी जन्मत, आतड्याचे अस्तर सांभाळत आणि काही दिवसांत गळून जात. मी तिथेच राही. अन्नातून शक्ती मिळवताना आम्हां पेशींच्या आत जणू ठिणग्या उडतात. त्या विझवणारे रक्षकही आमच्याजवळ असतात; त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. काका केळीच्या वाडीत राबत, ताजी भाजी खात, तोवर आमचे बरे चालले होते.

पुढे विडी वाढली, भाजी मागे पडली. ठिणग्या आवरेनात. माझ्या शेजारणीच्या गाभ्याला त्यांची झळ बसत राहिली आणि किती वाढायचे, कुठे थांबायचे, हेच ती विसरली. तो कर्करोग होता. नवल म्हणजे, तिने माझ्याहून जास्त रक्षक जमवले. स्वतःच पेटवलेल्या आगीत ती सुखरूप राहू लागली.

काकांना शौचातून रक्त पडे. "मूळव्याध असेल," असे म्हणून ते लाजेने गप्प राहिले. शेवटी त्यांच्या पत्नीने, बेटीकाकूंनी, त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टर ऋतिकांनी आधी किरणांचे उपचार आणि मग शस्त्रक्रिया करायचे ठरवले. किरण म्हणजे मुद्दाम पाडलेला ठिणग्यांचा पाऊस. शेजारीण प्रथमच डगमगली. मीही होरपळले, पण तग धरला.

तेवढ्यात काकांचा पुतण्या एरॉल गोळ्यांची मोठी बाटली घेऊन आला.

"अंकल, रोज चार घ्या. फुल अँटिऑक्सिडंट! ताकद येईल."

काकांना ते पटले. अशक्त झाडाला ते खत घालतच असत. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. खरे सांगते, माझी आग शमली, मला बरे वाटले. पण शेजारीणही सावरू लागली, आणि मी घाबरले. ती जगली तर काका जगणार नव्हते.

बाटली काकूंच्या नजरेस पडली. "डॉक्टरांना विचारलं?"

"ताकदीच्या गोळ्यांना काय विचारायचं? तू पोलिसांत भरती व्हायला हवं होतंस."

"मग समजा, अटक झाली. चला, बाटली घ्या."

डॉक्टरांनी बाटली वाचली. "काका, केळीला खत कधी घालता?"

"तण काढून झाल्यावर."

"आधी का नाही?"

"आधी घातलं तर तणच खाऊन माजेल की..." काका बोलता बोलता थांबले.

"इथेही तसं होऊ शकतं. नक्की किती, ते मी सांगू शकत नाही. पण धोका नको. उपचार संपेपर्यंत या बंद. भाजी, फळं जेवणातून खा."

काकूंनी बाटली पिशवीत टाकली. "एरॉललाच देते. परवा केळीचा घड उचलताना धापा टाकत होता!"

गोळ्या थांबल्या. किरणांचा पाऊस चालूच होता. या वेळी मी जादा रक्षक मागितले नाहीत. होते तेवढ्यांनिशी लढायचे, मी ठरवले. शेजारीण आकसत गेली.

रोग मागे राहू नये म्हणून शस्त्रक्रियेत तिच्यासोबत आजूबाजूची निरोगी कडही कापावी लागते. त्या कडेत मी होते. आता मी तपासणीसाठी मेणात जपलेल्या, काचेवरच्या एका पातळ चकतीत आहे.

मित्रांनो, रक्त दिसले तर लपवू नका, घरच्यांनाही लपवू देऊ नका. उपचार चालू असताना कुणी ताकदीचे औषध दिले, तर आधी डॉक्टरांना विचारा. तुमच्या आतल्या पेशी बोलत नाहीत. त्यांच्या वतीने तुम्ही बोला.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून मला बराच वेळ न्याहाळले आणि त्या म्हणाल्या, "कड स्वच्छ आहे. रोग इथवर पोचलेला नाही."